चारही बाजूंनी

टिण्.

दुपारचे अडीच वाजले होते. माझी लेक वीरा झोपली होती, पंखा बंद होता, खालच्या रस्त्यावरही रविवारची सुस्ती होती. मी कोथिंबीर निवडत होते आणि निवडता निवडता माझा हात थांबला. बाहेर स्टीलच्या ताटात बारीक टोकाचा चिमटा पडला होता.

दुसऱ्या कुणाच्या घरी चिमटा पडला तर कोणी मान वर करणार नाही. आमच्या घरात मात्र चिमटा पडत नाही. मला या घरात येऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत कपबश्या फुटल्या, वीरानं टीव्हीचा रिमोट बादलीत बुडवला, माझ्या नवऱ्यानं, हरेशनं, एकदा अख्खा कुकर वरणासकट जमिनीवर आडवा केला. पण आईंच्या हातून काही पडल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कुमुद घरत. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सोल्डरिंग करतात. हातानं.

मी बाहेर डोकावले. जेवणाच्या टेबलावर मोबाइल दुरुस्तीवाल्या फारूकभाईंनी दिलेला मायक्रोस्कोप होता, शेजारी सोल्डरिंगची पेन्सिलीएवढी तापती कांडी तिच्या स्टँडमध्ये खोचलेली. धुपासारखा राळेचा वास घरभर होता. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"पडला?" मी विचारलं.

"नाय गो. ठेवला. जरा जोरानं ठेवला."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी त्यांची परीक्षा होती.

ही परीक्षा कसली ते आधी सांगते. त्यांच्या कारखान्यात कानामागे लावायच्या ऐकण्याच्या यंत्रांसाठी पाट्या बनतात. अंगठ्याच्या नखाएवढी हिरवी पाटी, आणि तिच्यावर बारीक बारीक भाग बसवलेले. बसवायचं काम मशीन करतं. मशीन चुकतंही. चुकलेल्या पाट्या एका ट्रेमधून खिडकीजवळच्या टेबलावर येतात आणि त्या टेबलावर आई असतात. मशीननं वाकडा बसवलेला भाग उचलायचा, जागा साफ करायची आणि नवा भाग हातानं बसवायचा. त्यातल्या मोठ्या भागाला तिथल्या बायका 'खसखस' म्हणतात. सर्वांत लहान भागाला 'धूळ'. खसखशीच्या एका दाण्याचे सुरीनं वीस तुकडे करता आले, तर त्यातला एक म्हणजे धूळ. आई तिला कण म्हणतात.

दीड महिन्यापूर्वी आईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. कारखान्याचा नियम असा, की डोळ्याचं ऑपरेशन झालं की मायक्रोस्कोपवर परत बसण्याआधी परीक्षा द्यायची. चाळीस मिनिटांत दहा कण. दहाही नीट बसले आणि वेळेत बसले, तर टेबल तुमचं. नाहीतर पॅकिंगला. पगारात एका रुपयाचा फरक पडणार नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, खोक्यांवर स्टिकर लावत आरामात गेली असती. हरेश तेच म्हणाला होता. "बरंच की आई. बसून राहायचं, गप्पा मारायच्या."

आई तेव्हा ताटातल्या भातातून हात न काढता म्हणाल्या होत्या, "तुला उद्यापासून तळोज्यात कंट्रोल रूममधून उठवून गेटवर बसवला, तर तू गप्पा मारशील ना."

हरेशनं ताकाचं भांडं पुढे ओढलं.

मी हात पुसत टेबलापाशी गेले. "नक्की काय होतंय, आई?"

"उजव्या डोळ्याला पांढरं ते दुधासारखं पांढरं दिसतंय. डाव्याला तेच दुधात हळद टाकल्यासारखं. दोगांचं जमतच नाय. कण वर हाय का खाली हाय, तेच कळत नाय मना. वाटतं अजून टोक लांब हाय, आनि ते टेकलेलं असतं." त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी उचलून दाखवली. त्या पट्टीत छोटे छोटे कप्पे होते. "फारूकनं वीस दिलेले. सतरा गेले."

म्हणजे तीन उरले होते. कारखान्यातून काही घरी आणता येत नाही, म्हणून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून फारूकभाईंनी ही पट्टी, एक जुनी पाटी आणि मायक्रोस्कोप आणून दिला होता. पाचला ते तो परत न्यायला येणार होते. रविवारीच संध्याकाळी त्यांच्या दुकानात गर्दी असते.

"बग एकदा," आई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या.

सहा वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे. सासूबाई कंपनीत जातात, संध्याकाळी येतात, पाय धुतात, चहा घेतात. त्यांच्या साडीला राळेचा वास येतो. वीराच्या पायात काटा गेला तर त्या काढतात आणि तिला कळतही नाही. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. पायातला काटा काढणाऱ्या हातांनी त्या दिवसभर काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी डोळे लावले.

सुरुवातीला नुसतं धुकं. आईंनी बाजूची चकती फिरवली आणि धुक्यातून एकदम एक प्रदेश वर आला. हिरवंगार मैदान. त्यात ओळीनं मांडलेले चंदेरी चौकोन, पाणी भरलेल्या वाफ्यांसारखे. गव्हाणच्या रस्त्यावरून पूर्वी मिठागरं दिसायची ना, सकाळच्या उन्हात, अगदी तशी. आईंचं माहेर गव्हाणचं. त्यांचे वडील मिठागरावर होते. मी हे त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मना पैल्या दिवशी तसंच वाटलेलं. म्हटलं, इथं पन मीठच काढायचं का?"

"कण कुठाय?"

"त्या दोन वाफ्यांच्या मदी आडवा परलाय बग."

तो मला दिसला. मैदानावर टाकून दिलेल्या विटेसारखा. तपकिरी अंग, दोन्ही टोकांना चांदीच्या टोप्या. कडा सरळ, कोपरे काटकोनात. एवढीशी वस्तू इतक्या निगुतीनं कोणी बनवली असेल, याच विचारात मी अडकले. मी डोळा काढून नुसतं पाटीकडे बघितलं. तिथे काहीही नव्हतं. परत डोळा लावला. वीट होती.

"हा चिमटा घे. नेऊन बग त्याच्याजवळ."

मी चिमटा घेतला. दृश्याच्या कडेनं दोन लोखंडी खांब आत शिरले आणि वादळात माड हलावेत तसे हलायला लागले. मी हात घट्ट धरला, तर आणखी हलले. मी घाबरून हात मागे घेतला. "हे मी हलवत नाहीये."

"तू नाय हलवत. तुजं काळीज हलवतं." आई हसल्या. "सगळ्यांचा हलतो. माजा पन. दोन ठोक्यांच्या मदी एक जागा असते, तिथं काम करायचं. श्वास सोरायचा, घ्यायचा नाय, आनि त्या जागेत जायचं."

मग मला कडेला सरकवून त्यांनी एका डोळ्याची जागा मला दिली आणि दुसऱ्याला स्वतः डोळा लावला. गाल गालाला लागला. असं आम्ही कधी बसलो नव्हतो. त्यांचा चिमटा आत आला. तोही हलत होता, पण हलणं असं की पाण्यावर पान असावं. ते पान विटेपाशी जाऊन थांबलं, आणि वीट उचलली गेली. वाफ्यांवर राळेचा थेंब मधासारखा चमकत होता. कांडीचं टोक आलं. चंदेरी चौकोन आधी निस्तेज, राखाडी होते. टोक टेकलं आणि ते एकाएकी आरशासारखे झाले, धातूचं पाणी झालं. आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती वीट जरा तिरकी टेकली होती. पाणी झालेल्या धातूनं तिला दोन्हीकडून धरलं आणि ती आपली आपण वळली. मधोमध आली. जागेवर बसली. कोणी तिला ढकललं नाही.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"कोनी नाय. तो बसतो आपला आपन. आपन फक्त जवळ न्यायचा. जास्त जोर केला का बसत नाय." आणि मग लगेच, वेगळ्या आवाजात, "गेला. बग, डाव्या अंगानं वाफा फाटला. टोक खोल गेलं. मना वाटलं वर हाय."

मला ते दिसलंही नव्हतं. मी अजून त्या वळलेल्या विटेतच होते.

चहा करायला मी आत गेले, पण लक्ष बाहेरच. एका बाईला एका जागेवर अठ्ठावीस वर्षं काय बांधून ठेवतं, ते मला पहिल्यांदाच थोडं कळत होतं. लग्न झाल्यावर एकदा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते हयात असताना, मला आईंच्या नोकरीची गोष्ट सांगितली होती. मुलाखतीला पस्तीस बायका आलेल्या. प्रत्येकीला तांब्याची एक घासून चकचकीत केलेली पट्टी दिली आणि सांगितलं, बोटांत धरून तासभर बसा. काही माणसांच्या घामात खार जास्त असतो, त्यांचं बोट लागलं की तांबं काळंहिरवं पडतं. अशा हातांना तिथे काम नाही. मिठागरवाल्याची मुलगी म्हणून आईंची थट्टा चाललेली. ही तर मिठातच वाढली, हिची पट्टी आधी गंजणार. तासानं पट्ट्या गोळा केल्या. आईंची पट्टी दिली तशी परत आली. बाबा सांगायचे, "वडलांच्या टाचा मिठानं फाटलेल्या, आनि पोरीच्या बोटाला मीठ लागलेलंच नाय." ते हे असं सांगायचे की जणू पट्टी त्यांनीच धरली होती.

पावणेपाचला वीरा उठली. तोवर एकच कण उरला होता. आईंनी तो चिमट्यात धरला होता आणि श्वास सोडला होता. एवढ्यात दारावर टकटक झाली, वीरा "फारूककाका" म्हणत धावत सुटली, तिनं दार उघडलं, जिन्यातला वारा भसकन आत आला. बस. एवढंच झालं.

"हालू नका कोनी." आईंचा आवाज मोठा नव्हता, पण मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. वीरा दाराची कडी धरून थिजली. फारूकभाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत यायचा होता, तो हवेतच राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात दुधाचं पातेलं.

"काकी, काय साप बिप आहे का?" फारूकभाईंनी हळूच विचारलं.

"कण उडाला. शेवटचा. पाय ठेवू नको, चपलेला चिकटंल."

"या अल्ला. धूळ उडाली म्हणून माणसाला बगळा केला तुम्ही."

"बगळाच राहा जरा. वीरा, तू पन. जी हलंल तिला चॉकलेट नाय."

आई खुर्चीतून हळूच खाली उतरल्या, गुडघ्यांवर. फारूकभाईंकडे हात केला. "मोबाइल सरकव. बॅटरी लावून." त्यांनी एका पायावर उभ्या उभ्या मोबाइलची बॅटरी लावली आणि खाली वाकून फरशीवरून मोबाइल सरकवला. आईंनी मला जागेवरूनच हाताशी असलेला पडदा ओढायला सांगितला. खोली अंधारली. त्यांनी मोबाइल फरशीवर आडवा ठेवला, उजेड जमिनीला घासून जाईल असा.

सकाळीच मी फरशी पुसली होती. स्वच्छ होती असं मला वाटत होतं. त्या आडव्या उजेडात तीच फरशी एक मुलूख झाली. प्रत्येक बारक्या गोष्टीला आपल्यापेक्षा कितीतरी लांब सावली होती. साखरेच्या कणाची बोटभर सावली. वीराच्या बिस्किटाचा चुरा म्हणजे टेकड्यांची रांग. एक केस दोरखंडासारखा पडलेला. वीरानं तोंडावर हात ठेवला होता. "आजी," ती कुजबुजली, "जमिनीवर गाव आहे."

"हाय. आपन तिथं राहायला जाऊ हां." आई गाल फरशीला टेकवून बघत होत्या. "ती साखर. तो रवा. ते मीठ, नाय, तुरटी. तो रवा. तो रवा..." मोबाइल त्या इंचाइंचानं वळवत होत्या. सावल्या घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरत होत्या. "सगळ्यांची सावली गोल. आपला चौकोनी हाय. कापल्यासारखी सावली पायजे." दुधाचं पातेलं माझ्या हाताला चटका देत होतं आणि मला ते खाली ठेवावंसं वाटत नव्हतं.

"तो बग. तो आपला."

टेबलाच्या पायापासून वीतभर अंतरावर. मला कण दिसलाच नाही. सावली दिसली: एक सरळ, नीट कापलेली रेघ.

फारूकभाईंनी पाय खाली ठेवला. "सुभानल्ला," ते म्हणाले.

आईंनी सुईच्या टोकाला राळ लावून तो कण टिपला आणि कागदावर ठेवला. मला वाटलं त्या आता उठतील. त्या उठल्या नाहीत. तिथेच उकिडव्या बसून उजेडात आपलं बोट जमिनीकडे नेत होत्या, परत वर घेत होत्या, परत नेत होत्या. बोट वर असलं की त्याची सावली लांब. बोट खाली येईल तशी सावली धावत जवळ येई. बोट टेकलं की दोघं एकमेकांना भेटत.

"फारूक," त्या म्हणाल्या, "तुजा मोबाइल अजून पाच मिनटं दे."

त्यांनी मायक्रोस्कोपचा गोल दिवा बंद केला. तो दिवा चहूबाजूंनी उजेड पाडतो, त्यात सावलीच पडत नाही. मोबाइल डब्यांच्या चळतीवर टेकवून त्यांनी उजेड एका अंगानं सोडला. डावा डोळा मिटला. उजवा, नवा डोळा भिंगाला लावला. आम्ही तिघं श्वास धरून उभे. वीरानं तर नाकच चिमटीत धरलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आईंनी कांडी स्टँडमध्ये ठेवली.

"बसला?" फारूकभाईंनी विचारलं.

आई पाटी फिरवत होत्या. पाव वळसा, बघणं. पाव वळसा, बघणं.

"काकी, बसला ना? मग आता काय आरती ओवाळताय त्याला?"

"चारी बाजूंनी बगल्याशिवाय बसला म्हनू नये." पूर्ण फिरवून झाल्यावरच त्यांनी मान वर केली. "एकदा मी तीन बाजूंनी बगितलेलं. लय वर्षं झाली. ते यंत्र परत आलं आमच्याकडं. पाकिटात कानात घालायचा साचा पन होता, मापाचा. येवढासा." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "दोन-तीन वर्षांचं पोर असंल. चौथ्या बाजूला चीर होती. किती दिवस त्याला ऐकू आलं नसंल, आनि त्याला सांगता पन आलं नसंल." मग पदरानं मायक्रोस्कोपचं भिंग पुसत म्हणाल्या, "बसला. घेऊन जा तुजं सामान. तुजी गिऱ्हाईकं वाट बगत असतील."

फारूकभाईंनी मायक्रोस्कोप खांद्यावर घेतला. दारात वळून म्हणाले, "काकी, माझ्याकडे बसा तुम्ही. कंपनी सोडा. बोर्ड लावतो, कुमुद मोबाइल."

"आनि तू काय करशील?"

"मी बगळा."

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला निघाल्या. डबा मी भरला, भेंडीची भाजी आणि भाकरी. निरोप देताना मी एवढंच म्हटलं, "पाण्याची बाटली घेतली का?" त्या म्हणाल्या, "घेतली." दिवसभर मी घड्याळ बघत होते. परीक्षा अकराला होती. अकरा वाजता मी वीराला आंघोळ घालत होते आणि तिच्या डोक्यावर तांब्या धरून तशीच उभी राहिले. ती ओरडली, "आई, पाणी सोड ना."

साडेपाचला खाली स्कूटी थांबली. आईंना हेतल सोडायला आली होती. हेतल त्यांच्या कारखान्यात तपासणीला असते, सात वर्षांपूर्वी आईंच्याच शेजारी बसून शिकली. घरी येते अधूनमधून, वीरासाठी पेरू आणते. आज ती आली ती नुसतीच, आणि चेहरा असा की मला विचारायचं धाडस होईना. आई सरळ मोरीत गेल्या पाय धुवायला.

"वहिनी, दहाच्या दहा," हेतल म्हणाली. खुर्चीवर बसली, परत उठली. "दहाच्या दहा. गोल दिवा बंद केला, टेबललॅम्प एका साइडला लावून घेतला, एक डोळा मिटला आणि एकामागून एक. मी स्क्रीनवर बघत होते. असे जॉइंट मी बघितले नाहीत. मशीनचे नसतात असे. सुपरवायझर सर येऊन मागे उभे राहिले, लाइनवरच्या पोरी उठून आल्या."

"मग?"

"बावन्न मिनिटं."

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता.

"प्रत्येक कण लावला की पाटी चार बाजूंनी फिरवायची. प्रत्येक. अगं, ते बघायचं काम माझं आहे, परीक्षेत त्यांनी फक्त लावायचे. तिसऱ्या कणाला मी खाकरले, पाचव्याला खुणावलं. बघतच नाहीत माझ्याकडे. बारा मिनिटं नुसती बघण्यात गेली." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी म्हटलं, मावशी, घड्याळ माझ्याकडून आधीच चालू झालं होतं, मी अडतीस लिहिते. सर पण तिकडे बघायला लागले, भिंतीकडे. तर त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. बावन्न. वर सही केली. उद्यापासून पॅकिंग."

आई पाय पुसत बाहेर आल्या. "चहा ठेव गो भाविका. हेतलला बिनसाखरेचा."

"मावशी, मी साखर घेते."

"बारीक व्हायचं म्हनत होतीस ना गेल्या सोमवारी." त्या खुर्चीवर बसल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीचा दमलेपणा होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं का हिनं सगळं? रडून सांगितलं असंल."

"आई, फिरवलं नसतं तर?" मला राहवलं नाही. "तिथे तर कोणाच्या कानात जाणार नव्हती ती पाटी. परीक्षेचीच होती."

मला वाटतं त्यांनी खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. "जमलंच नाय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलेलं मनाशी, आज नाय बगायचं, सरळ पुढं जायचं. पैला लावला, आनि हात आपला आपन फिरला. न बगता दुसरा कसा लावू?"

हेतल उठली, पर्समधून एक पारदर्शक डबी काढली. औषधाच्या गोळ्यांची असते तेवढी. "ही मी रजिस्टरला सही करून आणलीय. परीक्षेची पाटी भंगारात जाते, मी जाऊ दिली नाही." डबी तिनं आईंच्या हातात दिली. आईंनी झाकण काढलं, पाटी तळहातावर घेतली आणि बघायला लागल्या. मग वीराला हाक मारली.

वीरा त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. नखाएवढी हिरवी पाटी, जुन्या रेशमासारखी जरा चमकणारी. वीरानं ती दोन बोटांत उचलली, नाकापाशी नेली, खिडकीकडे धरली. उलटी केली, सुलटी केली.

"यावर तर काहीच नाही," ती म्हणाली.

"हाय ना. दहा हायत."

"कुठे?"

"हे काय, ओळीनं." आईंनी करंगळीच्या नखानं दाखवलं. नख फिरत होतं तिथे नुसता हिरवा रंग होता. मग त्या उठल्या, रिकामी डबी फळीवर ठेवली आणि हेतलला म्हणाल्या, "पॅकिंगवाल्या किती वाजता कार्ड मारतात गो? आट का साडेआट?" आणि तिला चहा द्यायला स्वतःच आत गेल्या.

पाटी वीराच्या हातातच राहिली होती. ती माझ्याकडे आली. मी वाकून बघितलं. मला ठाऊक होतं तिथे काय आहे: चंदेरी वाफे, सरळ कडा, धातूनं दोन्हीकडून धरलेल्या आणि आपल्या आपण जागेवर आलेल्या दहा विटा. मी डोळे बारीक केले, उजेडाकडे तोंड केलं. मला एकही दिसली नाही.

"आई," वीरानं विचारलं, "आजीनं केलेलं मग कोणाला दिसतं?"